चांदबीबीची नाणी

नगरच्या भुईकोट किल्ल्याचे नाव काढले की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, पंडित नेहरू इथे कैदेत होते आणि आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ त्यांनी इथेच लिहिला. दुसरी, चांदबीबीने याच तटावरून मोगलांवर नाण्यांचा मारा केला. पहिली गोष्ट १९४२ नंतरची, कागदोपत्री पक्की. दुसरी चारशे वर्षांपूर्वीची. पण नगर जिल्ह्यातल्या पोरांना विचाराल तर त्यांच्या लेखी तीच अधिक खरी. दारूगोळा संपला तेव्हा तोफांत आधी तांब्याची नाणी भरली, ती संपल्यावर रुप्याची, मग सोन्याची आणि अखेर राणीने जडजवाहीरही तोफेच्या तोंडी दिले! ही गोष्ट ऐकून झाली की पोर हटकून विचारते, मग ती नाणी गेली कुठे? पोराचे सोडा, हाच प्रश्न मनात घेऊन कुदळ-फावडे हाती धरणारी मोठी माणसेही या जिल्ह्यात कमी नाहीत.

आमचे आजोळ नगरपासून पाच-सहा कोसांवर. वाडा जुना, दोन चौकांचा. त्यातला एक चौक केव्हाच पडला. अशा प्रत्येक वाड्याला असते तशी आमच्याही वाड्याला गुप्तधनाची दंतकथा आहे. कुणा पूर्वजाने मोहरांचा हंडा पुरला, त्यावर नाग बसला, तो हंडा पायाळू माणसालाच दिसतो, वगैरे. मागच्या उन्हाळ्यात मुंबईचा मामेभाऊ कुणाकडून तरी धातुशोधक यंत्र, म्हणजे मेटल डिटेक्टर, उसने घेऊन आला. लांब काठी, तिच्या टोकाला ताटलीएवढी चकती आणि कानाला भोंगा. दिवसभर त्याने पडवी, परसू आणि पडका चौक पालथा घातला. यंत्र कुईकुई करी, पोरे उकरत. बैलाच्या पायाच्या पत्र्या निघाल्या, बिजागऱ्या निघाल्या, कडी-कोयंड्याचा तुकडा निघाला. संध्याकाळी एकदाचे नाणे निघाले. हिरवे पडलेले, तांब्याचे. मामांनी चिंचेने घासू नका म्हणेपर्यंत एका पोराने ते घासलेही होते. सगळ्या घराने जाहीर करून टाकले की नाणे चांदबीबीचेच! भिंगाखाली धरल्यावर मात्र कंपनी सरकारचा पाव आणा निघाला, साल १८३५. चांदबीबीनंतर सव्वादोनशे वर्षांहूनही पुढचा.

घरातली हिरमुसली तोंडे पाहून मला वाटले, जिच्या नावाने हे सारे चालते ती बाई आपल्याला खरोखर कितीशी ठाऊक आहे? पाठ्यपुस्तकातल्या चित्रात ती घोड्यावर असते, हातावर ससाणा. पुढे एक धडा, दोन ओळींचा प्रश्न, संपले.

तिचा जन्म १५५०च्या सुमारास अहमदनगरला झाला. बाप हुसेन निजामशहा, आई खुंझा हुमायून. निजामशाहीचे घराणे मुळात इथल्याच मातीतले. संस्थापक मलिक अहमदचा बाप मलिक हसन हा पाथरीच्या कुळकर्ण्यांच्या घरात जन्मला होता. मलिक अहमदने १४९०मध्ये भिंगारजवळ बहमनी फौजेचा धुव्वा उडवला आणि चार वर्षांनी त्याच परिसरात नवे शहर वसवले. मातीचा असलेला किल्ला दगडी केला तो चांदबीबीच्या बापाने, ती दहा-बारा वर्षांची असताना. म्हणजे पुढे जो तट तिने लढवला, तो तिने पोरवयात चिरा चिरा चढताना पाहिलेला होता.

मुलीला घरात शिक्षण उत्तम मिळाले असले पाहिजे. फारसी, अरबी, तुर्की आणि दरबारात वावरणाऱ्यांच्या तोंडची मराठी व कानडी अशा पाच भाषा तिला येत, ती सतार वाजवी, फुलांची चित्रे काढी असे सांगतात. चित्रांवरून आठवले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात तारीफ-इ-हुसेनशाही नावाचे एक सचित्र हस्तलिखित आहे. हुसेन निजामशहाच्या स्तुतीचे ते काव्य, आफताबी नावाच्या कवीचे. त्यातल्या चित्रांत राजाच्या शेजारी राणी खुंझा हुमायून बसलेली आहे, म्हणजे होती. बहुतेक ठिकाणी तिच्या आकृतीवर कुणीतरी मागाहून रंग फासला आहे. त्याचे कारण इतिहासात सापडते. १५६५मध्ये नवरा वारल्यावर तिने अज्ञान मुलाच्या नावाने काही वर्षे राज्य चालवले आणि मुलगा मोठा झाल्यावर त्यानेच तिला कैदेत टाकले. चांदबीबी या बाईची लेक. राज्य चालवणाऱ्या बाईच्या वाट्याला शेवटी काय येते, हे तिने घरातच पाहिले होते.

१५६४मध्ये, चौदा-एक वर्षांची असताना, तिचे लग्न विजापूरच्या अली आदिलशहाशी झाले. लग्न कसले, तहच तो. विजयनगरविरुद्ध दख्खनच्या सुलतानांना एकत्र यायचे होते आणि निजामशाही-आदिलशाहीचे वैर मोडायचे होते. भांडणाचे मूळ असलेला सोलापूरचा किल्ला हुसेनने लेकीला आंदण दिला; उलट अलीची बहीण निजामशाहीत सून म्हणून आली. पुढच्याच वर्षी, जानेवारी १५६५मध्ये, तालिकोटची लढाई झाली.

या लढाईपाशी जरा थांबले पाहिजे, कारण आपल्या नाण्यांचा पहिला माग इथे लागतो. निजामशाही तोफखाना त्या काळी दख्खनमध्ये नामांकित होता. विजापूरला बुरुजावर पाहायला मिळते ती मलिक-ए-मैदान तोफ मूळची अहमदनगरचीच. बुऱ्हाण निजामशहाच्या कारकिर्दीत, १५४९मध्ये, ओतलेली. वजन सुमारे ५५ टन. तालिकोटच्या मैदानात या तोफखान्याचा प्रमुख होता चेलेबी रूमीखान. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो, की शत्रू अगदी अंगावर येईल तेव्हासाठी रूमीखानाने तांब्याच्या नाण्यांच्या पिशव्या तयार ठेवल्या होत्या. विजयनगरची फौज तोफांच्या तोंडाशी येऊन भिडली तेव्हा त्या पिशव्या डागल्या आणि माणसे अक्षरशः गवतासारखी आडवी झाली. फिरिश्ता हा ऐकीव लिहिणारा लेखक नव्हे. तो लहानाचा मोठा अहमदनगरात झाला, निजामशाहीच्या चाकरीत होता आणि १५८९मध्ये विजापूरला गेला.

तेव्हा नाण्यांचा मारा ही गोष्ट निजामशाही तोफखान्याला नवी नव्हती. चपट्या, जड तांब्याच्या चकत्यांची पिशवी तोफेतून सुटली की ती फुटून छऱ्यांसारखी पसरते. दूरच्या तटाला त्याने ओरखडाही उठत नाही. पण पन्नास पावलांवर आलेल्या गर्दीत त्याच्यासारखे भयंकर हत्यार नाही. चांदबीबीने हे लग्नाच्या वर्षभरात माहेर-सासरच्या माणसांकडून ऐकले असणारच.

विजापुरातली तिची पंधरा-सोळा वर्षे बरी गेली असे दिसते. नवऱ्याबरोबर ती घोड्यावर बसे, शिकारीला जाई, दरबारच्या कामात लक्ष घाली. तिच्या नावाची चांदबावडी ही मोठी विहीर विजापुरात आहे, अलीने बांधलेली. मूलबाळ मात्र झाले नाही. १५८०मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम गादीवर आला. त्याचा सांभाळ चांदबीबीकडे. कारभार करायला पुढे आलेला प्रत्येक सरदार मात्र काही महिन्यांत स्वतःलाच धनी समजू लागे. आधी कामिलखान, मग किश्वरखान. किश्वरखानाने तर कहर केला. बाईने त्याच्या विरोधात जाण्याचे धाडस केले तेव्हा तिला राजवाड्यातून ओढून काढून साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकले. विजापूरची रयत खवळली, हबशी सरदार उठले, किश्वरखान पळाला आणि ती परत आली. इतक्यात घरची यादवी पाहून शेजाऱ्यांनी विजापूरला वेढा घातला. त्या शेजाऱ्यांत तिच्या माहेरची फौजही होती! माहेरच्या तोफा सासरच्या तटावर चालताना पाहणे तिच्या नशिबी आले. शहर टिकले, पण पुन्हा नवा कारभारी, पुन्हा बाईला बाजूला सारणे. १५८४मध्ये इब्राहिमच्या बहिणीचे लग्न निजामशाही राजपुत्राशी ठरले, तेव्हा नवरीची पाठराखीण म्हणून चांदबीबी अहमदनगरला आली. वीस वर्षांनी माहेरी.

माहेर कसले ते! भाऊ मूर्तजा निजामशहा राज्यकारभार सोडून एकांतात बसलेला. लोक त्याला दिवाणाच म्हणत. १५८८मध्ये त्याला त्याच्याच मुलाने हमामखान्यात कोंडून मारले. मुलगा वर्षही टिकला नाही. मग एक अल्पवयीन पोर, मग त्या पोराचाच बाप, मग त्याचा दुसरा मुलगा. १५९५ उजाडेपर्यंत गादीवर किती बसले आणि उठले हे मोजताना मोगल वकिलांचीही दमछाक झाली असेल. शेवटचा इब्राहिम निजामशहा विजापूरशी लढताना पडला, तेव्हा अहमदनगरात चार गट झाले आणि प्रत्येकाचा राजा वेगळा. मियाँ मंजूने अहमद नावाचा एक मुलगा पुढे केला, तो घराण्यातला नाहीच असे लगेच उघड झाले. हबशी सरदार इखलासखानाने बाजारातून एक पोर पकडून आणले आणि त्यालाच वारस म्हणून उभे केले. अभंगखानाने घराण्यातला एक म्हातारा शोधून काढला. चांदबीबी उभी राहिली ती मारल्या गेलेल्या इब्राहिमच्या तान्ह्या मुलाच्या, बहादूरच्या, बाजूने. त्याला विरोधकांनी चावंडच्या किल्ल्यात अडकवून ठेवले होते.

या भांडणात मियाँ मंजूने जे केले त्याला तोड नाही. आपली बाजू पडती पाहून त्याने गुजरातेत असलेल्या अकबराच्या मुलाला, शहजादा मुरादला, मदतीला बोलावले. मोगलांना निमित्तच हवे होते. मुराद निघाला, बरोबर खानखानान अब्दुर्रहीम. हिंदीच्या पुस्तकात ज्याचे दोहे आपण पाठ केले तोच हा रहीम. डिसेंबर १५९५मध्ये फौज अहमदनगरसमोर हश्त बिहिश्त बागेत उतरली. तोवर मंजूला पश्चात्ताप झाला होता. तो मदत आणतो म्हणून खजिना व आपला राजा घेऊन शहराबाहेर पडला आणि किल्ला राहिला चांदबीबीवर. वय पंचेचाळीस. हाताशी थोडी फौज, त्यात फितुरीची धास्ती. तिने पहिल्यांदा किल्ल्यातला मंजूचा माणूस दूर केला आणि नजरकैदेत असलेल्या बहादूरच्या नावाची द्वाही फिरवली.

वेढा तीनेक महिने चालला. आत दाणागोटा आटत होता, पण बाहेरही आबादीआबाद नव्हते. मुराद आणि खानखानान यांचे पटत नव्हते आणि मुरादच्या एका सरदाराने शहर लुटल्यामुळे रयत पळून गेली, बाजार ओस पडला. मोगल छावणीलाच धान्य मिळेना. मुरादच्या माणसांनी तटाखाली पाच सुरुंग खणले. दुसऱ्या दिवशी बत्ती द्यायची. किल्ला घेतल्याचे श्रेय खानखानानला जाऊ नये म्हणून मुरादने ही गोष्ट त्याच्यापासूनही लपवली म्हणतात. त्या रात्री मोगल छावणीतला ख्वाजा मुहम्मदखान शिराजी हा सरदार अंधारात तटाखाली आला आणि सुरुंगांच्या जागा आतल्यांना सांगून गेला. का? किल्ल्यातल्या माणसांचे शौर्य पाहून त्याला राहवले नाही एवढेच कारण इतिहास देतो.

रातोरात आतून खणायला सुरुवात झाली. कान जमिनीला लावायचा, पहारीने ठोकून पोकळीचा आवाज घ्यायचा, उलटे भुयार न्यायचे. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दोन सुरुंग सापडले आणि त्यांतली दारू काढून घेतली. तिसऱ्यापर्यंत पोचले, तोच बाहेरून बत्ती दिली गेली. स्फोटाने तटाला सुमारे पन्नास यार्डांचे खिंडार पडले. खणणारे दगडाखाली गेले, रक्षणाला उभे असलेले सरदार पळत सुटले. त्या क्षणी ती बाहेर आली. अंगात चिलखत, तोंडावर बुरखा, हातात नंगी तलवार. बाई खिंडारात उभी राहिलेली पाहून पळालेले शरमेने परतले. मोगल बाकीचे सुरुंग उडण्याची वाट पाहत थांबले होते. ते उडालेच नाहीत, आणि त्या थांबण्यात आतल्यांना मोलाचा वेळ मिळाला. दुपारपासून अंधार पडेपर्यंत हल्ले झाले. खंदक प्रेतांनी भरला, पण खिंडार काही हाती आले नाही.

रात्री ती झोपायला गेली नाही. मशालींच्या उजेडात दगड, माती, लाकूड, मिळेल ते रचत तिने पहाटेपर्यंत खिंडारात पुरुषभराहून उंच भिंत उभी केली. सकाळी मुरादने पाहिले तर वाट बंद! त्या दिवसापासून लोक तिला चांदबीबीऐवजी चांदसुलताना म्हणू लागले असे फिरिश्ता नमूद करतो.

आता नाण्यांकडे या. तोफांत तांबे, मग चांदी, मग सोने, मग जवाहीर भरल्याची जी चढती भाजणी आपण ऐकतो ती येते खाफीखानाकडून. खाफीखान लिहीत होता अठराव्या शतकात, वेढ्यानंतर सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर. पुढे इंग्रजांनी ही गोष्ट उचलली, आणि कर्नल मेडोज टेलरने १८७८मध्ये चांदबीबीवर कादंबरीच लिहिली तेव्हा ती घरोघर झाली.

मला स्वतःला वाटते ते असे. तांब्यापुरती गोष्ट खरी असायला काहीच हरकत नाही. खिंडारात शत्रू अंगावर आलेला, अंतर थोडे, आणि बापाच्या तोफखान्याची युक्ती घरात माहीत असलेली. मात्र हेही शक्य आहे, की बापाची तालिकोटची गोष्ट लोकांच्या तोंडी फिरत फिरत लेकीच्या नावावर आली. चांदी-सोन्याबद्दल मात्र शंकाच आहे. निजामशाहीची आज माहीत असलेली नाणी मुख्यतः तांब्याची आहेत. अहमदनगर, बुऱ्हाणाबाद, मूर्तजानगर अशी टांकसाळींची नावे त्यांवर वाचता येतात. मोठ्या व्यवहारात सोन्याचे होन आणि किनाऱ्याकडे चांदीच्या लाऱ्या चालत, पण मंजू बाहेर पडताना त्याने खजिन्याला हात घातलेला होता. शिवाय साडेचार वर्षांनी किल्ला पडला तेव्हा मोगलांना आत मिळालेल्या वस्तूंत रत्ने आहेत, मोठा ग्रंथसंग्रह आहे, हत्ती आहेत, आणि तोफा-दारूगोळा तर मोजदादीपलीकडचा. ज्या घरात जवाहीर तोफेत घालायची वेळ आली, त्या घराचे हे वर्णन वाटत नाही.

ती वेढ्यातून सुटली ती तहाने. विजापूरहून मदतीची फौज बीडकडे येत होती, मोगल उपाशी होते आणि चांदबीबीकडेही आणखी ओढण्याइतका शिधा नव्हता. १५९६च्या वसंतात वऱ्हाड मोगलांना देऊन तिने अहमदनगर राखले. वऱ्हाड सोडल्याबद्दल तिला तेव्हाही बोल लागला. पण पदरात काय होते ते पाहिले, तर याहून चांगला सौदा कुणी केला असता असे वाटत नाही.

पुढची चार वर्षे वाचताना जीव कासावीस होतो. बहादूरला चावंडहून आणून गादीवर बसवले. तिने नेमलेला पेशवा मुहम्मदखान उलटला; त्याला काढायला विजापूरची मदत घ्यावी लागली. मग अभंगखानाला नेमले, तर तो तिच्याच विरोधात गेला. खिंडार बुजवता येते, या माणसांचे काय करायचे? मोगल परत आले ते १६००मध्ये. मुराद वारला होता, आता शहजादा दानियाल आणि पुन्हा तोच खानखानान. अभंगखान लढाई न देताच जुन्नरकडे निघून गेला. किल्ल्यात चांदबीबी, तान्हेपण सरलेला बहादूर आणि थकलेली शिबंदी. पुन्हा तटाखाली सुरुंग.

या वेळी तिने हिशेब केला. अन्न नाही, मदत येणार नाही, सरदार विश्वासाचे नाहीत. किल्ला देऊन पोराला सुखरूप जुन्नरला न्यावे, असे तिच्या मनात आले. हे तिने जिताखान नावाच्या खोजाला विश्वासात घेऊन विचारले. काही ठिकाणी त्याचे नाव हमीदखान येते. तो बाहेर पडला तो ओरडतच, की बाई मोगलांना फितूर झाली. एवढेच पुरले. दख्खनी सैनिकांचा जमाव महालात घुसला आणि त्यांनी तिला तिथेच ठार केले. वय पन्नास. काही दिवसांतच सुरुंग उडाले, ऑगस्टमध्ये किल्ला पडला, शिबंदी कापली गेली आणि बहादूरची रवानगी ग्वाल्हेरच्या बंदिखान्यात झाली. ज्या बोलणीसाठी तिचा जीव घेतला, ती झाली असती तर यातली बहुतेक माणसे जगली असती.

नगरकर तिचे स्मारक म्हणून पाहुण्यांना चांदबीबीचा महाल दाखवतात, शहराच्या पूर्वेला डोंगरावरची ती तीन मजली अष्टकोनी इमारत. ती वास्तू तिची नाही. मूर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान याची ती कबर. बिचाऱ्या सलाबतखानाने चांगला कारभार केला, पाणी आणले, आणि त्याची कबर लोकांनी चांदबीबीला देऊन टाकली!

म्हणजे तिच्या आठवणीला आधार म्हणून उरतात तो किल्ला आणि ती नाणी. नाण्यांचा मारा झाला असेल, तर त्यातली काही अजून खंदकाच्या काठाच्या मातीत असू शकतील. तोफेतून सुटलेले नाणे खिशातून पडलेल्या नाण्यासारखे राहत नाही. ते वाकते, चेपते, कडेला तडकते. अशी पाच-पन्नास निजामशाही तांब्याची नाणी तटाच्या समोर, विशिष्ट अंतरात, त्याच थरात तोफगोळ्यांच्या तुकड्यांसोबत सापडली, तर खाफीखानाची कहाणी तांब्यापुरती तरी खरी ठरेल. पण त्यासाठी नाणे कुठे, किती खोल आणि कशाच्या शेजारी होते हे कळायला हवे. रात्री यंत्र फिरवून कुणी ते उचलले, चिंचेने घासले आणि जुन्या नाण्यांच्या बाजारात विकले, की उरते काय? शे-दोनशे रुपयांचे वाकडे तांबे. मोडके म्हणून कदाचित तेवढेही येणार नाहीत.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. याच जिल्ह्यातला दाखला देतो. श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेकाठी दायमाबाद आहे. तिथे १९७४मध्ये झाडाची मुळे खणताना एका शेतकऱ्याला काशाची चार शिल्पे मिळाली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैल जुंपलेला रथ. मिळून वजन साठ किलोंहून अधिक. जगभर गाजलेली शिल्पे. पण ती शास्त्रीय उत्खननात, आपल्या थरात मिळाली नाहीत, म्हणून त्यांच्या वयाबद्दल विद्वानांत वाद पडला तो पडलाच. त्या शेतकऱ्याचा यात दोष नाही. तो मुळे खणत होता. उलट नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप नहपानाची. तो पांगण्याआधी अभ्यासकांच्या हाती आला. त्यातल्या दोन-तृतीयांशांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला दिसला आणि कोणी कोणाला हरवले याचा निवाडा झाला. सुटी सुटी विकली गेली असती, तर तो कुणी करायचा?

कायदाही याबाबत जुना आणि स्पष्ट आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८चा, टेलरची कादंबरी आली त्याच सालचा. जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचे काही पुरलेले सापडले, तर जिल्हाधिकाऱ्याला कळवावे लागते. मग जाहीर नोटीस निघते, चार ते सहा महिन्यांनी सुनावणी होते. धनाला वाली कुणी नाही असे ठरले, आणि दोघांत वेगळा करार नसला, तर तीन हिस्से सापडणाऱ्याला आणि एक हिस्सा जमीनमालकाला मिळतो. सरकारला ते हवे असेल, तर किमतीवर एक पंचमांश वर देऊन सरकार घेते. लपवले तर हिस्सा जातो आणि शिक्षा होते. संरक्षित स्मारकाच्या आवारात तर परवान्याशिवाय कुदळ मारणे हाच गुन्हा. नगरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. तिथे यंत्र घेऊन जाण्याचा विचारही कुणी करू नये. आणि नारळ-लिंबू घेऊन गुप्तधन दाखवणारे भोंदू जे गावोगाव फिरतात, त्यांच्यासाठी २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा आहे.

यंत्राचीही थोडी कहाणी सांगतो, कारण ती चांदबीबीपाशी येते. टेलिफोनवाल्या ग्रॅहम बेलने १८८१मध्ये अमेरिकेच्या अध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असे यंत्र लावून पाहिले. ते फसले, बहुधा पलंगाच्या स्प्रिंगांमुळे. आज ओळखीचे असलेले हातातले यंत्र आले दुसऱ्या महायुद्धात. युझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने १९४१मध्ये ते बनवले ते जमिनीत पेरलेले सुरुंग शोधायला. चकतीतल्या तारेत बदलता विद्युतप्रवाह सोडला की भोवती चुंबकी क्षेत्र तयार होते, खाली धातू असला की त्यात प्रवाह उठतात आणि यंत्र ओरडते. चांदबीबीच्या माणसांना मिळाले असते, तरी त्या मातीच्या भुयारांपुढे ते मुकेच राहिले असते; दारूच्या पोत्यांत धातू कुठला? आपल्याकडच्या काळ्या पाषाणाच्या जमिनीत लोहाचे चुंबकी कण इतके असतात, की साधे यंत्र रिकाम्या जागीही कोकलते. आमच्या परसात तेच झाले होते. आणि एकटे नाणे वीतभराहून फार खोल असेल तर त्याला ते बहुधा दिसतच नाही.

आमच्या पाव आण्याचे पुढे काय झाले? मामांनी तो दहा रुपयांच्या आत बसतो की बाहेर यावर घरात दोन दिवस वाद घातला आणि अखेर तहसिलीमार्फत जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज धाडून मोकळे झाले. उत्तर येईल तेव्हा येईल. तोवर नाणे देवघरातल्या पितळी डबीत आहे. डबीत मामांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी ठेवली आहे. तीत तारीख लिहिली आहे, आणि लिहिले आहे: पडक्या चौकाचा उत्तरेचा कोपरा, जोत्यापासून चार हात, खोली एक वीत, शेजारी कोळसा आणि खापराचे दोन तुकडे.